पाटीला प्रश्न दाखवू नका

पूर्वा शेंडगे माझ्यावर चिडली होती आणि तिचं चिडणं मला मनापासून आवडत होतं.

"वीस मिनिटं झाली मला," ती म्हणाली. "अजून सापडत नाहीये. तुला किती लागली?"

"अर्धं मिनिट."

खरं तर त्याहून कमीच लागलं होतं, पण मैत्रिणीचा एका दिवसात किती अपमान करायचा यालाही मर्यादा असते.

आम्ही दोघी भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला, दुसऱ्या वर्षाला होतो. साताऱ्याबाहेरच्या नव्या विद्यापीठात नकाशांची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे लांबलचक टेबलावर पूर्वापुढे माण तालुक्यातल्या एका तुकड्याचा कागदी नकाशा होता आणि माझ्यापुढे तोच नकाशा पाटीवर. प्रश्न असा होता : 'या नकाशातील डाईक शोधा व विहिरीसाठी योग्य जागा सुचवा.' डाईक म्हणजे दगडाची गाडलेली भिंत. कातळाच्या उभ्या भेगेतून लाव्हा वर येतो, तिथेच गोठतो आणि जमिनीखाली मैलोन्‌मैल बांध घातल्यासारखा पडून राहतो. जमिनीतलं पाणी त्याला अडतं. ज्या बाजूने अडतं त्या बाजूला विहीर खोदली तर पाणी लागायची शक्यता जास्त, आणि माणमध्ये पाण्याची शक्यता ही फार मोठी गोष्ट आहे.

"सांग की मग कुठाय," पूर्वा म्हणाली.

"वर उजव्या कोपऱ्यातून निघते, तिरकी खाली डावीकडे. मधे एका ओढ्याला आडवी जाते."

तिची पेन्सिल कागदावर फिरली. मग थांबली. "आयला, खरंच की! पण एवढ्या रेषांतनं तू ही काढलीस कशी?"

"एवढ्या म्हणजे किती?"

"मोजू? दोन रस्ते, एक कालवा, चार-पाच ओढे, विजेची लाईन, तालुक्याची हद्द. समोच्च रेषा तर शंभर असतील."

मी पुन्हा पाटीवर दोन्ही हात ठेवले आणि मोजल्या. माझ्या बोटांखाली पाच रेषा होत्या.

मी जन्मापासून आंधळी आहे. 'दृष्टिबाधित' आणि 'दिव्यांग' हे शब्द अर्जात शोभून दिसतात म्हणे. मला ते शोभताना दिसण्याचा प्रश्न नाही. नाव ईश्वरी भोईटे, गाव फलटणजवळ, आणि लहानपणापासून एकच वाईट खोड : कुठलीही गोष्ट अशी का, हे विचारत बसायचं. त्या दिवशी ती खोड जागी झाली. पूर्वाच्या शंभर रेषा माझ्याकडे येईपर्यंत पाच कशा झाल्या?

पाटीबद्दल आता सांगायलाच हवं. बोटाच्या टोकाला दोन ठिपके वेगळे कळायचे तर त्यांच्यात साधारण अडीच मिलिमीटर अंतर लागतं. ब्रेलचे ठिपके तेवढ्याच अंतरावर असतात. पाटीवर एका ओळीत एकशेवीस खुंट्या आणि अशा ऐंशी ओळी, म्हणजे नऊ हजार सहाशे. टाचणीच्या डोक्याएवढी एकेक खुंटी. प्रत्येकीच्या खाली एक चिमुकली पट्टी असते. विजेचा दाब बदलला की ती वाकते आणि खुंटीला वर उचलते, कमी किंवा जास्त. पानावर जे चित्र असेल ते असं हाताखाली उभं राहतं. मोबाईलवरचं, पुस्तकातलं, प्रश्नपत्रिकेतलं, काहीही.

आता छापील नकाशात ठिपके असतात कोटींनी. नऊ हजार सहाशे खुंट्यांत ते मावणार कसे? सगळं वर आणलं तर हाताला काहीच कळत नाही. म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे पाटीतली एक प्रणाली ठरवते. आम्ही तिला निवडकार म्हणायचो. तिला हे शिकवायला हजारो वर्गांतली चित्रणं दाखवली होती : शिक्षक फळ्यावरच्या कोणत्या रेषेवर खडू पुन्हा गिरवतात, कशावर बोट ठेवून 'इकडे बघा' म्हणतात. जिथे शिक्षकाचं बोट, तिथे खुंटी वर.

पाटी यायच्या आधी आमच्यासाठी प्रश्नपत्रिकेत एक ठरलेलं वाक्य असायचं : 'दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न.' भूशास्त्रात आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न विचारायचा तर विचारणार काय? त्यामुळे आम्हाला तिथे प्रवेशच नसायचा. विद्यापीठाने दोन वर्षांसाठी पाटीला परीक्षेत तात्पुरती परवानगी दिली आणि मी आत शिरले. नकाशावाचनात मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते. आमच्या विभागात डॉ. आवटी मॅडमकडे पीएच.डी.ची एक जागा होती, शिष्यवृत्तीसकट, आणि ती मलाच मिळणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ग्रंथालयातल्या सुगम्यता केंद्रात गेले. तिथे इरफान मुलाणी शेंगदाणे खात बसला होता. इरफान अर्थशास्त्राचा. नवव्या वर्षी फटाक्याने त्याचे डोळे गेले, त्यामुळे त्याला रंग माहीत आहेत आणि त्याचा तो फार भाव खातो.

"काय करतीयस?" त्याने विचारलं.

"नकाशा तोच ठेवते आणि प्रश्न बदलते."

पाटी पान वाचते ते प्रश्नासकट वाचते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी माणचा तोच नकाशा घेतला, खालचा प्रश्न पुसला आणि नवा टाईप केला : 'या भागातील वस्त्यांची मांडणी सांगा.'

सुपात तांदूळ पाखडावेत तसा खुंट्यांचा आवाज झाला. मी हात फिरवला. तिरकी भिंत गेली होती. तिच्या जागी सपाट, गुळगुळीत काहीच नाही. ओढ्याच्या कडेने मात्र गावं आणि वाड्या ठिपक्यांनी उभ्या राहिल्या होत्या. मग मी लिहिलं : 'या भागातील दळणवळणाची साधने सांगा.' पुन्हा तांदूळ पाखडले गेले. वाड्या बसल्या, रस्ते उठले.

"इरफान, हात दे इकडे."

त्याने शेंगदाण्याचे हात पँटला पुसले आणि तिन्ही प्रश्नांचे तिन्ही नकाशे चाचपून पाहिले. 

"म्हणजे आपण उत्तर शोधतच नाही," तो शेवटी म्हणाला. "ते आपल्याला हातात देतंय."

"थांब, अजून एक बघू."

केंद्राच्या संगणकात विद्यापीठातल्या सगळ्या इमारतींचे आराखडे असतात, आम्हाला वाटा कळाव्यात म्हणून. मी वसतिगृहाच्या मेसचा आराखडा पाटीवर घेतला आणि खाली लिहिलं : 'या नकाशातील डाईक शोधा.' पाटी क्षणभर अडखळली. मग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक छान, ठसठशीत रेषा वर आली.

"आपल्या मेसखाली ज्वालामुखी हाय?" इरफान म्हणाला. "तरीच आमटी तशी लागते."

मी रेषेवरची अक्षरं वाचून घेतली. ती सांडपाण्याची नळी होती. आम्ही दोघंही पोट धरून हसलो, इतके की बाहेरून ग्रंथपालांनी दारावर टकटक केली. हसता हसता मी थांबले. उद्या मला एखाद्या गावाने खरंच विहिरीची जागा विचारली, तर मी त्यांना गटारीवर खोदायला लावलं असतं, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

केंद्राचा तंत्रज्ञ नचिकेत पलीकडच्या खोलीत बसतो. पाटी बसवण्यापासून तो आमच्यासोबत आहे. त्याला सगळं करून दाखवलं तेव्हा त्याचे चहाचे घोट ऐकू यायचे थांबले.

"हा बिघाड आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि पुढे बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. "बिघाड असता तर बरं झालं असतं. ईश्वरी, पहिल्या वर्षी आपण चाचणी घेतली होती, आठवतं? प्रत्येक चित्राला तुम्ही तारे द्यायचे."

आठवत होतं. चित्र चांगलं कळलं तर पाच तारे, नाही कळलं तर एक.

"एकूण बावीस हजार चित्रांना तारे मिळाले. त्यातले नऊ हजार एकट्या तुझे."

हेही खरं होतं. मी तेव्हा झपाटल्यासारखी चित्रं चाचपत होते. आयुष्यात पहिल्यांदा चित्रं मिळत होती.

"पाच तारे तू कधी दिलेस ते बघतोय," नचिकेत म्हणाला. "उत्तर जितकं पटकन सापडलं, तितके तारे जास्त. जवळजवळ प्रत्येक वेळी. निवडकार तेच शिकला. शिक्षकाच्या बोटापासून त्याने सुरुवात केली, पुढचं तुम्ही शिकवलंत. आणि ही तुझी सूचना आहे, वाचू? 'फार गर्दी आहे. कामाचं तेवढंच वर आणा.' खाली ई. भोईटे."

 एवढी वर्षं 'आंधळ्यांना झेपणार नाही' म्हणणाऱ्यांवर मी दातओठ खात आले होते, आणि माझ्या हातातून शंभर रेषा काढून घेणारी मीच निघाले.

येत्या गुरुवारी परीक्षा मंडळाची सभा होती. पाटीची तात्पुरती परवानगी कायम करायची, सगळ्या विषयांना, सगळ्या महाविद्यालयांना, हा विषय त्या सभेत होता. पाटी कशी चालते ते दाखवायला मंडळाने एका विद्यार्थिनीला बोलावलं होतं. अठ्ठेचाळीस गुणवालीला.

"तू तिथे हे दाखवणार नाहीस," इरफान म्हणाला. आम्ही कँटीनमागच्या बाकावर होतो.

"दाखवणार आहे."

"पाच आठवड्यांवर माझी परीक्षा आहे, ईश्वरी. पाटी बंद झाली की पुन्हा लेखनिक. बारावीचा माझा लेखनिक माहितीय ना? नियमाप्रमाणे एक वर्ष लहान, दुसऱ्या शाखेचा. महिनाभर त्याला मिसळ चारत होतो, ऐनवेळी पळू नये म्हणून. पेपरात मी सांगितलं, मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरती काढ. त्याने काढली वर चढती. का, तर म्हणाला, वाढ दाखवायची असते! सात गुण गेले."

"मला माहीत आहे."

"डोळस पोरं गाईड पाठ करून पास होतात, ते चालतं. आपल्याला एक यंत्र जरा कोपरानं ढोसतं, तर लगेच तुझा आत्मा तळमळतो. अकरा जण आहोत आपण विद्यापीठात. तुला कुणी हक्क दिला?"

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. "इरफान, मला फक्त एक कळून घ्यायचंय," मी म्हणाले. "मला नकाशा वाचता येतो का?"

"आणि येत नसला तर?"

 तो काठी उघडून निघून गेला आणि जाताना बाकाला आपटला, जे तो कधीच आपटत नाही.

सभेत दहा-बारा माणसं असावीत. परीक्षा नियंत्रक बर्गे सर अध्यक्ष होते. त्यांचा आवाज प्रत्येक वाक्याखाली सही केल्यासारखा. आवटी मॅडम माझ्या डाव्या हाताला होत्या. त्यांनी हळूच माझा खांदा थोपटला. मी आधी माणचा नकाशा घेतला आणि बर्गे सरांना म्हणाले, "सर, या नकाशाखाली तुम्हाला हवा तो प्रश्न तुम्हीच टाईप करा." त्यांनी केला. मी दहा सेकंदांत उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. मग त्यांना दुसरा प्रश्न टाईप करायला सांगितला आणि या वेळी त्यांनाच पाटीवर हात ठेवायला लावला. टाळ्या थांबल्या. मग मेसचा आराखडा काढला. सांडपाण्याची नळी वर आली तेव्हा कुणीच हसलं नाही, फक्त कुणाची तरी खुर्ची करकरली.

"म्हणजे तुमचे अठ्ठेचाळीस गुण," बर्गे सर सावकाश म्हणाले.

"पाटीचे आहेत, सर."

"तुम्ही हे स्वतःहून सांगताय?"

"हो."

 "मला तुमचं कौतुक आहे," ते म्हणाले, "पण माझी अडचण समजून घ्या. उद्या कुणी कोर्टात गेलं तर मी काय सांगू? पाटी बंद करावी लागेल. या सत्रापासूनच."

हे येणार हे मला माहीत होतं. मी पाठ केलेलं बोलले. "सर, पाटी बंद करू नका. पाटीला प्रश्न दाखवू नका. नुसता नकाशा पाटीवर द्या आणि प्रश्न आम्हाला तोंडी वाचून दाखवा. निवडकार बंद ठेवा. काय वर आणायचं ते आम्ही मागू : आधी नुसते ओढे, मग नुसते रस्ते, मग समोच्च रेषा. हवा तो भाग मोठा करून घेऊ. नचिकेतने तशी सोय करून दिली आहे."

"असं कुणी वाचू शकतं?"

"माहीत नाही, सर. कुणी वाचलेलं नाही."

"मग मी कशाच्या आधारावर परवानगी देऊ?"

आवटी मॅडमनी घसा खाकरला. "तिचीच परीक्षा घ्या," त्या म्हणाल्या. "बाहेरचा परीक्षक, नवा नकाशा, पन्नास गुण. ती उत्तीर्ण झाली तर या पद्धतीने पाटी सगळ्यांना राहू दे."

असं ठरलं : तीन आठवड्यांनी परीक्षा, उत्तीर्ण व्हायला वीस गुण. वीसच्या खाली एक जरी आला तर पाटी बाहेर आणि अकरा जणांना पुन्हा लेखनिक व पर्यायी प्रश्न. जुने अठ्ठेचाळीस रद्द. पीएच.डी.च्या जागेसाठी या नव्या परीक्षेचेच गुण धरायचे, आणि जागा हवी असलेल्या बाकीच्यांनीही तोच नकाशा कागदावर सोडवायचा. 

पहिल्या दिवशी मी निवडकार बंद केला आणि सगळा नकाशा एकदम वर आणला. खडीच्या ढिगात हात घालावा तसं वाटलं. कुठे काही सुरू होत नव्हतं, संपत नव्हतं. मी तासभर चाचपडले आणि मला एक ओढासुद्धा मिळाला नाही. त्या दिवशी मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

पूर्वाला मी सरळ विचारलं, "तू नकाशा बघतेस म्हणजे नेमकं काय करतेस?"

"म्हणजे? बघते."

"सगळं एकदम दिसतं?"

"छे गं! आधी नुसता गोंधळ दिसतो. मग मी पाणी शोधते. पाणी कुठनं कुठं जातंय ते कळलं की बाकीचं लावता येतं."

"पाणी कुठे जातंय ते कसं कळतं?"

"समोच्च रेषा ओढ्यापाशी टोकदार होतात ना. टोक असतं ते चढाकडं. त्याच्या उलट पाणी."

दोन वर्षं मी भूशास्त्र शिकत होते आणि हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलं असेल, पण वाचलेलं कधी वापरावंच लागलं नव्हतं. मी नुसत्या समोच्च रेषा मागवल्या, एक कोपरा चौपट मोठा केला आणि बोट रेषेवरून नेत राहिले. एका ठिकाणी रेषा आत वळली, टोकदार झाली आणि परत फिरली. तिच्या शेजारची रेषा तशीच, तिच्याही शेजारची तशीच. एकात एक ठेवलेली टोकं. मग मी ओढे मागवले, आणि त्या टोकांतून बरोबर एक ओढा खाली उतरला. मला एवढा आनंद झाला की मी पूर्वाचा हात ओढून पाटीवर ठेवला. तिला हाताने काहीच कळलं नाही. ती म्हणाली, नुसतं टोचतंय.

त्या तीन आठवड्यांत मला नकाशापेक्षा डोळस माणसांबद्दलच जास्त कळलं. मला लहानपणापासून वाटायचं की डोळे उघडले की जग समोर तयार वाढून ठेवलेलं असतं. कुणी तसं नाही असं सांगितलंही नव्हतं. पूर्वा कालव्याला रस्ता समजायची, चिडायची, खोडरबर घासायची, कागद उलटा धरून बघायची, आणि निम्म्या वेळा चक्क अंदाज ठोकायची. मी तिला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "माझ्याच डोळ्यांवरचा माझा विश्वास उडायला लागलाय."

आठ दिवस इरफान बोलत नव्हता. नवव्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची सरकली आणि शेंगदाण्यांचा वास आला. त्याने पाटीवर हात ठेवला.

"नुसता ढीग आहे हा."

"हो."

"तुला प्रश्न कोण विचारतं? पूर्वा? ती दयाळू आहे, सोपे विचारेल." त्याने मॅडमकडून जुने पेपर आणले होते. "चल. दगड आधी की पाणी आधी?"

तो राक्षसासारखा प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं की टेबलावर थाप मारायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझा मागणी-पुरवठ्याचा आलेखही असाच घेऊन बघू का?" मग आम्ही आळीपाळीने बसायला लागलो. तो अजून रागावलेलाच होता; मधूनच म्हणायचा, "नापास झालीस तर पाचगणीच्या कड्यावरून ढकलून देईन, अर्थात कडा तू शोधून दिलास तर."

परीक्षा तीन तासांची, आमच्या नियमाप्रमाणे एक तास जास्तीचा. बाहेरून आलेल्या परीक्षकाचा आवाज कोरडा होता. त्यांनी आधी नकाशा पाटीवर चढवला, मला तो दहा मिनिटं चाचपू दिला आणि मगच पहिला प्रश्न वाचला. मी पाणी शोधायला घेतलं. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात एका रेषेपाशी अडकले. ती सरळ होती, फार सरळ, आणि तिच्यापाशी येऊन दोन ओढे वळत होते. डाईक असावा, पण पाटबंधाऱ्याचा जुना चरही असू शकत होता. खात्री कुठूनच मिळत नव्हती. असं न कळता बसून राहणं मला नवीन होतं. शेवटी मी समोच्च रेषा पुन्हा मागवल्या, तिथे जमीन किंचित उचललेली लागली आणि मी डाईक लिहिलं. उत्तराचा नकाशा पाटीवरच बोटाने काढायचा असतो. चौथा तास संपला तेव्हा त्यातला एक पूर्ण कोपरा माझा रिकामा होता.

पाच दिवसांनी आवटी मॅडमनी खोलीत बोलावलं. इरफान आणि पूर्वा बाहेर उभे होते. दार पूर्ण लागायच्या आत मॅडम म्हणाल्या, "तेवीस."

बाहेर इरफानने जो आरडाओरडा केला तो ऐकून शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. पूर्वा त्याला गप्प करत होती आणि स्वतःच किंचाळत होती.  मी टेबलाची कड धरली. पाटी राहिली होती. अकराही जणांची.

"पूर्वाला त्याच नकाशावर एकतीस आहेत," मॅडम पुढे म्हणाल्या. "पीएच.डी.ची जागा तिला द्यावी लागेल मला."

"हो, मॅडम."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ती जागा माझी नव्हतीच, हे कळण्याने वाईट वाटणं कमी होत नाही. मी जायला वळले.

"कुठे निघालीस? बस."

त्यांनी आपल्या टेबलावरच्या पाटीवर माझा उत्तराचा नकाशा चढवला. खुंट्या सळसळल्या. माझा हात धरून त्यांनी वरच्या भागात एका ठिकाणी टेकवला. दोन वर्षांत मॅडम मला दोनच गोष्टी म्हणाल्या होत्या, 'छान' आणि 'फारच छान'. त्या मऊ आवाजात म्हणायच्या, तसा आवाज पूर्वाशी कधीच नसायचा.

"हे काय केलंयस?"

"ओढा आहे, मॅडम."

"कुठून कुठे वाहतोय?"

मी बोट फिरवलं. 

"डोंगरावर चढवलायस तू त्याला!" मॅडम कडाडल्या. "पाणी चढावर जातं का गं? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस ना? आणि हा कोपरा रिकामा सोडलास तो कुणासाठी? वेळ पुरला नाही म्हणे! पहिल्या प्रश्नावर दीड तास लोळत बसलीस, तो कुणाचा वेळ होता? डाईक बरोबर शोधलास, आणि विहीर ठेवलीस त्याच्या कोरड्या बाजूला. त्या गावाने काय प्यायचं, तुझी गुणपत्रिका?"

त्या थांबेचनात. एकेका रेषेवर माझं बोट आपटून त्या मला विचारत होत्या, आणि मी चुकत होते, आणि त्या आणखी चिडत होत्या. मी 'हो मॅडम, चुकलं मॅडम' म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. त्यांना वाटलं मी दुखावले. त्या मधेच गप्प झाल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा मऊ व्हायला लागला.

"नको, मॅडम," मी घाईघाईने म्हणाले. "अजून बोला. दुसरा ओढाही चुकलाय का?"

 मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"दुसरा? दुसऱ्याची तर वेगळीच तऱ्हा आहे," त्या म्हणाल्या, आणि माझं बोट धरून पुन्हा सुरू झाल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या सकाळी दहा वाजता सगळा नकाशा नव्याने काढून आण. एकही चूक सापडली तर परवा पुन्हा."

बाहेर आले तेव्हा पूर्वा तासाला गेली होती आणि इरफान दाराशी वाट पाहत होता.

"एवढा वेळ काय चाललं होतं आत?"

"शिव्या खात होते."

"तुला? आवटी मॅडमनी?"

"मला," मी म्हणाले. "पाऊण तास!"